पुण्याहून मालवणला भाड्याची गाडी : पैसे नेमके कुठे वाचतात?

रानजाई

नमस्कार. येत्या डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही घरचे सहा जण पुण्याहून मालवणला जाणार आहोत. सासूबाई आणि सासरे सत्तरीच्या पुढचे असल्यामुळे रात्रीची बस आणि सामानाची चढउतार टाळायची आहे, आणि आमच्या छोट्या गाडीत सहा जण मावत नाहीत. म्हणून चालकासह अर्टिगा भाड्याने घ्यावी असे ठरते आहे. बुधवारी निघून रविवारी परतायचे, म्हणजे एकूण पाच दिवस. कोल्हापूर, गगनबावडा, कणकवली या मार्गाने एका बाजूचे अंतर आम्ही सुमारे ३९० किलोमीटर धरले आहे. मधल्या तीन दिवसांत मालवण, तारकर्ली, कुणकेश्वर आणि वेंगुर्ले मिळून २४० किलोमीटरपेक्षा जास्त फिरणे होईल असे वाटत नाही.

आतापर्यंत चार पर्याय हाती आले आहेत. पहिला गाडीवाला किलोमीटरला १४ रुपये, दिवसाला किमान ३०० किलोमीटर आणि चालकाचा भत्ता रोज ५०० रुपये सांगतो. दुसरा किलोमीटरला साडेपंधरा रुपये, किमान २५० किलोमीटर आणि भत्ता ४०० रुपये सांगतो. टोल, पार्किंग आणि जीएसटी दोघांकडेही वेगळे. तिसरा पर्याय ओळखीतल्या एका गृहस्थांच्या खासगी गाडीचा आहे. ते इंधनासह ठोक १८,००० रुपये म्हणतात. चौथा पर्याय स्वतः चालवण्यासाठी गाडी घेण्याचा, रोज ३,५०० रुपये आणि इंधन आपले.

पहिल्या गाडीवाल्याचा दर घासाघीस करून १३ रुपयांवर आणावा, असा यजमानांचा आग्रह आहे. तो कसा आणावा आणि याशिवाय कुठे बचत होऊ शकते, हे जाणकारांनी सांगावे.

हिशेबनीस

रानजाई, दर १३ वर आणण्यासाठी वाद घालण्याआधी एकदा कागदावर आकडे मांडून पाहावेत. तुमचा खरा प्रवास जाण्यायेण्याचे ७८०, तिथले २४० आणि गॅरेजपासून घरापर्यंतचे तीसेक मिळून १,०५० किलोमीटरचा आहे. पहिला गाडीवाला मात्र पाच दिवसांचे १,५०० किलोमीटर लावणार. १४ रुपयांनी त्याचे २१,००० होतात आणि भत्त्याचे २,५०० धरून २३,५००. दुसरा १,२५० किलोमीटर लावणार. साडेपंधराने त्याचे १९,३७५ आणि भत्त्याचे २,००० धरून २१,३७५. ज्याचा दर दीड रुपयाने जास्त, तोच २,१२५ रुपयांनी स्वस्त पडतो.

आता यजमानांनी पहिल्याला १३ रुपयांवर आणले असे धरू. तरीही १९,५०० अधिक २,५०० म्हणजे २२,००० होतात, आणि ते दुसऱ्यापेक्षा जास्तच आहेत. पहिल्याकडे तुम्ही न धावलेल्या ४५० किलोमीटरचे ६,३०० रुपये देत आहात आणि दुसऱ्याकडे २०० किलोमीटरचे ३,१००. घासाघीस करायचीच असेल तर ती किमान किलोमीटरवर करावी. दरातला एक रुपया दिसायला मोठा दिसतो, पण अशा मुक्कामाच्या सहलीत त्याचा उपयोग थोडा.

याची उलट बाजूही सांगायला हवी. प्रवास साधारण १,३९० किलोमीटरच्या पुढे गेला, उदाहरणार्थ मालवणहून पुढे गोकर्णापर्यंत जायचे ठरले, तर पहिला गाडीवाला स्वस्त पडू लागतो. म्हणून आधी मार्ग पक्का करावा आणि मगच दर विचारावेत.

स्टेपनी

मी बरीच वर्षे पुण्यात टुरिस्ट गाड्या चालवल्या आणि नंतर भाड्यानेही दिल्या, त्यामुळे दुसऱ्या बाजूने चार गोष्टी सांगतो. किमान ३०० किलोमीटरची अट ग्राहकाला जाचक वाटते, परंतु गाडी तारकर्लीच्या किनाऱ्यावर माडाखाली उभी असली तरी बँकेचा हप्ता, विमा, परवाना आणि चालकाचा पगार चालूच असतो. गाडीमालक खरे तर तुम्हाला दिवस विकतो आणि त्याचा हिशेब किलोमीटरमध्ये मांडतो. हे एकदा ध्यानात आले की बचत कुठे आहे ते आपोआप दिसते : दिवस कमी करा, किंवा ज्या दिवसाचे पैसे दिले आहेत तो पुरता वापरा.

दिवस कसा मोजतात, हे विचारायला बहुतेक लोक विसरतात. बाहेरगावच्या भाड्यात दिवस रात्री बारा ते रात्री बारा असा मोजण्याची पद्धत आहे. मंगळवारी रात्री अकराला निघालो म्हणजे बुधवारचा दिवस हाती राहील, असा हिशेब करून लोक निघतात आणि त्या एका तासासाठी मंगळवारचा पूर्ण दिवस बिलात येतो. परतताना तर हे हमखास होते. रविवारी संध्याकाळी कोल्हापुरात महालक्ष्मीचे दर्शन, त्यानंतर तांबडा-पांढरा, त्यानंतर कात्रजजवळची कोंडी, असे करत घरी पोहोचायला साडेबारा वाजले की सोमवार लागला. तुमच्या पहिल्या गाडीवाल्याच्या दराने तो अर्धा तास ४,२०० रुपये अधिक भत्ता, म्हणजे ४,७०० रुपयांना पडेल. रविवारी मालवणहून सकाळी आठच्या आत निघावे. बुधवारी पहाटे पाचला गाडी दारात बोलवावी, पण त्याआधी चालकाने 'रात्रीचे' पैसे कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत धरले आहेत ते विचारून घ्यावे. कोणी रात्री दहा ते सकाळी सहा धरतो, कोणी अकरा ते पाच.

गॅरेजपासून गॅरेजपर्यंतचे किलोमीटर हा वादाचा दुसरा विषय. तुमच्या सहलीत किमान किलोमीटर खऱ्या धावेपेक्षा जास्त असल्यामुळे गॅरेज वाघोलीला आहे की वारज्याला, याने एका पैशाचाही फरक पडणार नाही. एका दिवसाच्या सहलीत मात्र पडतो. महाबळेश्वरला जाऊन येऊन आणि तिथे फिरून २८० किलोमीटर होतात. त्यात दूरच्या गॅरेजचे येण्याजाण्याचे ५० मिळवले की तीनशेची मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी घराजवळचा गाडीवाला दोन पैसे जास्त सांगत असला तरी तोच घ्यावा.

आणि ड्यूटी स्लिप. ती पावती चालकाच्या बाजूच्या कप्प्यात पडलेली असते आणि तिच्यावर गाडी निघाल्याचा आकडा व वेळ लिहिलेली असते. गाडी दारात आली की सामान चढवण्याआधी ती मागून घ्या, मीटरवरचा आकडा आणि स्लिपवरचा आकडा शेजारी ठेवून एक फोटो काढा. उतरताना पुन्हा तसाच फोटो. चालकाला याचा राग येत नाही. उलट मालक आणि ग्राहक यांच्या भांडणातून त्याची सुटका होते.

घाटमाथा

स्टेपनी यांचा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे. टोलबद्दल एक शंका. आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांनी फास्टॅगचा वार्षिक पास काढला आहे. भाड्याच्या गाडीच्या मालकाकडे तो असेल, तर आपण टोलचे पैसे का द्यावेत?

हिशेबनीस

तो पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला, परंतु तो फक्त खासगी, अव्यावसायिक मोटारी, जीप आणि व्हॅन यांच्यासाठीच आहे. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याच्या, गाडीला तो मिळत नाही. शिवाय तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या अखत्यारीत असल्यामुळे तिथे खासगी गाडीलाही त्याचा उपयोग नाही. रानजाई यांच्या वाटेवर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे टोलनाके लागतील आणि त्यांचा टोल आपल्यालाच द्यावा लागेल. चोवीस तासांत परतणाऱ्याला मिळणारी सवलत पाच दिवसांच्या सहलीत लागू होत नाही.

मात्र टोलच्या नावाखाली ठोक रक्कम देऊ नये. प्रत्येक नाक्यावर पैसे कापले की फास्टॅगला जोडलेल्या मोबाईलवर संदेश येतो. तो क्रमांक बहुधा मालकाचा असतो. त्याने ते संदेश शेवटी पाठवावेत आणि आपण तेवढेच पैसे द्यावेत, हे आधी बोलून ठेवावे. टॅगमध्ये पैसे आहेत याचीही खात्री निघण्यापूर्वी करून घ्यावी. वैध टॅग नसेल तर जास्तीचा टोल पडतो. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरल्यास तो सव्वापट आहे. हा जास्तीचा भार मालकाच्या चुकीचा आहे, तो आपल्या बिलात येता कामा नये.

जीएसटीचेही असेच आहे. चालक व इंधनासह गाडीवर सर्वसाधारणपणे ५ टक्के कर लागतो, पण ज्याची जीएसटी नोंदणीच नाही असा एकट्या गाडीचा मालक तो कर ग्राहकाकडून घेऊ शकत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक नसेल तर कराची ओळही नसावी. २१,३७५ रुपयांवर हा फरक हजारभर रुपयांचा होतो.

रानजाई

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल आभार. आकडे पाहून यजमान विचारात पडले आहेत. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ओळखीतल्या गृहस्थांची गाडी १८,००० रुपयांत मिळते आहे, म्हणजे कर धरून साडेचार हजारांच्या आसपास बचत होईल. त्यात काही अडचण आहे का? आणि स्वतः चालवायची गाडी घेतली तर चालकाचा खर्च वाचतो, मग ती स्वस्त का दिसत नाही?

मांडवीकाठ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण गोव्यात आम्ही हा प्रकार रोज पाहतो. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी वाहन. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह भाड्याचे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेले. पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन दिली किंवा चालवली तर तो परवान्याचा भंग ठरतो, आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड १०,००० रुपये आहे. गोव्यात अशा गाड्या पकडण्याच्या मोहिमा निघतात आणि मग पर्यटकाची सहल पोलीस चौकीच्या आवारात संपते.

दंडापेक्षाही मोठा प्रश्न विम्याचा आहे. खासगी गाडीच्या विम्यात ती भाड्याने वापरता येणार नाही अशी अट स्पष्ट लिहिलेली असते. घाटात काही झाले आणि गाडी पैसे देऊन घेतली होती हे पुढे आले, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते आणि तो खर्च कोणी सोसायचा यावरून ओळखीच्या माणसाशी कायमचे वाकडे येते. गृहस्थ सोबत येणार असतील आणि तुम्ही केवळ इंधन वाटून घेणार असाल तर गोष्ट वेगळी. परंतु ठोक १८,००० रुपये म्हणजे भाडेच झाले. साडेचार हजारांसाठी सहा माणसे, त्यांत दोन वृद्ध, अशा गाडीत बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबनीस

दुसऱ्या प्रश्नाचे गणित असे. पाच दिवसांचे रोज ३,५०० प्रमाणे १७,५००. माणसांनी आणि सामानाने भरलेली अर्टिगा घाटरस्त्यांसह लिटरला १५ किलोमीटर देते असे धरले, तर १,०५० किलोमीटरला ७० लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरल्यास ७,३५० रुपये. एकूण २४,८५० झाले, आणि चालकासहची दुसरी गाडी २१,३७५ रुपयांत येते आहे. चालकासहच्या दरात इंधन असते हे विसरून लोक तुलना करतात, म्हणून स्वतः चालवणे स्वस्त वाटते. त्यात अनामत रक्कम अडकते, ओरखडे कोणाचे यावर वाद होतात आणि वेगमर्यादा मोडल्याच्या चलानाचे पैसे आपल्या माथी येतात.

स्वतः चालवण्याची गाडी दोघा-तिघांना, छोट्या आकाराची, आणि पोहोचल्यानंतर तिथल्या तिथे फिरण्यासाठी परवडते.

एकटा जीव

धाग्याचा विषय सहा जणांचा आहे, तरी विचारतो. आम्ही दोघेच आहोत आणि हाच प्रवास करायचा आहे. आमच्यासाठीही पुण्याहून गाडी नेणेच योग्य ठरेल का?

हिशेबनीस

मुळीच नाही. दोघांना छोटी सेडान लागेल. तिचा दर किलोमीटरला १२ रुपये आणि बाकी अटी पहिल्या गाडीवाल्यासारख्या धरल्या तरी १८,००० अधिक २,५०० म्हणजे २०,५०० होतात. त्याऐवजी रात्रीच्या स्लीपर बसचे माणशी एका वेळचे हजार रुपये धरा. दोघांचे जाऊन येऊन ४,०००. मालवणात तीन दिवस स्थानिक गाडी रोज २,५०० रुपयांनी घेतली तर ७,५००. सगळे मिळून ११,५००. सहा जणांना हाच हिशेब लावला तर बसचे १२,००० आणि मोठ्या स्थानिक गाडीचे रोज ३,५०० प्रमाणे १०,५०० मिळून २२,५०० होतात, म्हणजे बचत तर नाहीच, वर म्हाताऱ्या माणसांना रात्रभर बसमध्ये झोपवायचे. पारडे साधारण पाच-सहा माणसांच्या आसपास फिरते. मी घेतलेले बसचे व स्थानिक गाडीचे दर अंदाजाचे आहेत. प्रत्येकाने आपल्या तारखांचे दर त्या जागी घालून पाहावेत, रीत तीच राहील.

नारळीपोफळी

मी मालवणातच राहते. येवा, कोकण आपलाच असा! आता मुद्द्याचे बोलते.

एकटा जीव, तुम्हाला तीनही दिवस गाडी लागणार नाही. बंदर जेटी, बाजारपेठ आणि जवळची देवळे पायी होतात. तारकर्ली सात-आठ किलोमीटरवर आहे, तिथे रिक्षा जाते. गाडी फक्त कुणकेश्वरच्या आणि वेंगुर्ल्याच्या दिवशी घ्या. मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांनी तर कोकण रेल्वेने कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवलीला उतरून तिथून पुढे गाडी करावी. स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या गाडीपेक्षा, जिथे उतरणार आहात त्या घरगुती निवासाच्या मालकाला आधी फोन करून गाडी सांगावी. त्यांच्या ठरलेल्या गाड्या असतात आणि येथे सगळे एकमेकांना ओळखत असल्यामुळे अवाच्या सवा दर सहसा कोणी सांगत नाही.

रानजाईताई, तुमच्यासाठी दुसरी गोष्ट. चालक रात्री कुठे झोपणार आणि जेवणार, हे निवास ठरवतानाच विचारा. येथे पुष्कळ घरगुती निवासांत चालकासाठी पडवीत किंवा वेगळ्या खोलीत सोय असते आणि तिचे पैसे नाममात्र असतात किंवा नसतातच. ती सोय नसेल तर रोजची एक खोली तुमच्या माथी पडते. काही गाडीवाले भत्त्यात मुक्काम धरतात, काही धरत नाहीत. आणि सोय पाहताना केवळ पैशाचा विचार करू नये, एवढे माझे मागणे आहे. रात्रभर गाडीच्या सीटवर डासांत काढलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी करूळ घाटात आपण बसणार असतो.

हंगामाचे म्हणाल तर तुम्ही निवडलेला डिसेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. नाताळ ते नववर्ष, दिवाळीची सुट्टी, मे महिना आणि गणपती या दिवसांत गाडी आणि खोली दोन्ही महागतात. पावसाळ्यात स्वस्ताई असते खरी, पण तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, आणि पाहुण्यांना किनाऱ्यावरून हात दाखवून किल्ला दाखवावा लागतो.

स्टेपनी

नारळीपोफळी यांनी चालकाबद्दल लिहिले ते मनापासून पटले.

गाडीबद्दल एक सूचना राहिली होती. अर्टिगा सीएनजीची आहे का, हे विचारून घ्या. मालकाला ती स्वस्त पडते म्हणून दरात सूट मागायला जागा असते. परंतु सहा माणसांसाठी मागची रांग उघडी ठेवली की डिकी आधीच लहान होते आणि उरलेल्या जागेत टाकी असते. तुमच्या बॅगा मांडीवर येतील. छताला कॅरिअर आणि ताडपत्री असलेली गाडी मागा, किंवा पेट्रोलची घ्या. काही गाडीवाले डिकी पुरत नाही म्हणून शेवटच्या क्षणी मोठी गाडी गळ्यात मारतात आणि किलोमीटरचा दर चार-पाच रुपयांनी वाढवतात. गाडी ठरवताना सामानाच्या बॅगा किती आणि केवढ्या, हे सांगून ठेवले तर तो प्रसंग येत नाही.

घाटात एसी बंद करण्याची जुनी सवय बऱ्याच चालकांना असते. तेही आधी बोलून घ्यावे, नाहीतर एसी गाडीचे पैसे देऊन खिडकीतून डिझेलचा धूर खात जावे लागते.

मांडवीकाठ

आणखी एक सुचवावेसे वाटते. रानजाई यांनी दुसरी गाडी घेतली तर त्यांच्याकडे पैसे दिलेले पण न वापरलेले २०० किलोमीटर उरतात. वेंगुर्ल्याऐवजी एखादा दिवस पणजी आणि जुन्या गोव्याची चर्च पाहायला आले, तर त्या दिवशी शंभरऐवजी अडीचशे किलोमीटर होतील. एकूण धाव १,२०० होईल, म्हणजे किलोमीटरचा एक रुपयाही वाढणार नाही. फक्त गाडीकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का ते विचारावे. केवळ महाराष्ट्राचा परवाना असेल तर गोव्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो आणि त्याचे पैसे तुमच्याकडून मागितले जातील. पत्रादेवीच्या सीमेवर पोहोचल्यावर हा शोध लागणे बरे नव्हे.

जे लोक गोव्यातच स्वतः चालवायची गाडी घेऊन तिथून मालवणला येण्याचा विचार करतात, त्यांनीही करारात गोव्याबाहेर नेण्याची मुभा आहे का ते पाहावे. पुष्कळ ठिकाणी ती नसते. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या रिंगा, काच, छत आणि इंधनाचा काटा यांचे एकसलग चित्रीकरण मालकाच्या माणसासमोरच करावे, आणि आधीचे ओरखडे त्याच्याकडून तोंडी नव्हे तर संदेशात मान्य करून घ्यावेत. माझ्या मेहुण्यांकडून अनामतीतून बंपरचे पैसे कापले जात होते. गाडी घेतानाच्या चित्रीकरणात तो बंपर तसाच दिसत असल्यामुळे ते परत मिळाले.

घाटमाथा

फुकटच्या किलोमीटरचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. त्याच घाटाने उतरून त्याच घाटाने चढू नका. जाताना गगनबावड्याच्या करूळ घाटाने उतरा आणि वेंगुर्ल्याचा दिवस शेवटी ठेवून परतताना सावंतवाडी, आंबोली, आजरा, निपाणीमार्गे महामार्गाला लागा. अंतर थोडे वाढेल, पण ते किमान किलोमीटरच्या आतच बसेल. मात्र गोव्याचा दिवस आणि आंबोलीचा फेरा दोन्ही घेतलेत तर १,२५० ची रेघ जवळ येईल, तेव्हा आधी नकाशावर मोजून पाहा. घाटरस्त्यांवर कामे निघतात, तेव्हा कोणता घाट चालू आहे हे निघण्याच्या आदल्या दिवशी चालकाला विचारावे.

रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी दुसऱ्या गाडीवाल्याशी सविस्तर बोलणे झाले. त्याने २५० किलोमीटरची अट २२५ वर आणण्यास नकार दिला, परंतु भत्त्यातच चालकाचा मुक्काम आणि जेवण धरले आहे, असे स्पष्ट सांगितले. गाडी पेट्रोलची आहे, कॅरिअर आहे, परवाना अखिल भारतीय आहे. फास्टॅगचे संदेश तो शेवटी पाठवणार आहे. ओळखीतल्या गृहस्थांना यजमानांनी नम्रपणे नकार कळवला. सासऱ्यांना जुन्या गोव्याला जायचे आहे, त्यामुळे आंबोलीचा फेरा सोडून गोव्याचा दिवस घेतला आहे.

रविवारच्या मध्यरात्रीबद्दल मी मुद्दाम विचारले. महामार्गावरच्या कोंडीमुळे उशीर झाला तर रात्री एकपर्यंत नवा दिवस लावणार नाही, फक्त रात्रीचे ३०० रुपये घेईन, असे तो म्हणाला. आगाऊ रक्कम म्हणून ५,००० मागतो आहे. ती देऊन टाकावी का?

स्टेपनी

ताई, एक वाजेपर्यंतची सवलत सहसा कोणी देत नाही. माणूस बरा दिसतो. तरीही पैसे पाठवण्यापूर्वी तुम्ही स्वतःच त्याला एक संदेश लिहा : निघण्याची तारीख आणि वेळ, दर, किमान किलोमीटर, भत्ता आणि त्यात काय काय आले, रात्रीच्या वेळा, एक वाजेपर्यंतची सवलत, गाडीचा प्रकार व इंधन, कॅरिअर, आणि वाटेत गाडी बंद पडली तर दुसरी गाडी त्याच दरात कोण देणार ते. त्याच्याकडून 'मान्य' एवढे उत्तर आले की मग पैसे पाठवा, पण ५,००० नव्हे, २,०००. बाकीचे मालवणला पोहोचल्यावर थोडे आणि परतल्यावर उरलेले. डिझेल-पेट्रोलसाठी वाटेत पैसे लागतील असे चालक म्हणाला तर दिलेली प्रत्येक रक्कम त्याच्यासमोर ड्यूटी स्लिपच्या मागे लिहून ठेवा, म्हणजे शेवटच्या बिलातून ती वजा करायची कोणी विसरणार नाही.

आणि गाडीचा क्रमांक आदल्या दिवशी संध्याकाळी मागून घ्या. ठरवलेली गाडी ऐन वेळी दुसऱ्या भाड्यावर जाते आणि पहाटे पाचला भलतीच गाडी दारात उभी राहते, हे आमच्या धंद्यात नवीन नाही.